शेळीच्या कातड्याची विजार

लढाईच्या काळात मी नगरच्या छावणीत फटफटीवरून टपाल पोचवायचो. हे काम करणाऱ्याला रायडर म्हणत. भरती झाल्यावर कोठारातून कपडे मिळाले: खाकी अर्धी विजार, सुती सदरा, गुडघ्याखालपर्यंतचे लोकरी मोजे, बूट आणि धुळीसाठी जाड काचांचा चष्मा. त्याच कामावरच्या गोऱ्या शिपायांना चामडी कोट होता, मांड्या-गुडघ्यांवर दुहेरी कापड लावलेली ब्रीचेस होती आणि कोपरापर्यंत येणारे हातमोजे होते. कोठारावरचा हवालदार कोकणातला, सरळ माणूस. मी त्याला विचारलं की आम्हाला यातलं काही का नाही. तो म्हणाला, "हिंदी शिपायाला चामड्यात उकडतं, असं वरती ठरलंय."

"आणि पडलो तर?"

"पडायचं नाही," तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

त्यात चेष्टा नव्हती. त्याला दुसरं काही सांगताच येत नव्हतं.

नगरच्या रस्त्यांवर अर्ध्या विजारीत फटफटी चालवणं म्हणजे काय, ते चालवल्याशिवाय कळायचं नाही. पुढच्या लॉरीच्या चाकाखालून उडालेली खडी नडगीवर बसते. उन्हात तापलेली पेट्रोलची टाकी मांड्यांना चटके देते. कडेच्या बाभळीची फांदी वाऱ्यानं आत आलेली असली तर गुडघ्यावर रेघ ओढून जाते. सगळ्यात वाईट सायलेन्सर. तो उजवीकडून मागं जातो, आणि घाईनं उतरताना पोटरी त्याला टेकली की कातडी तिथंच राहते. आमच्यातला जुना रायडर ओळखायचा तर त्याची उजवी पोटरी बघायची. माझ्या पोटरीवर पहिल्याच पावसाळ्यात डाग उठला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. वय तसं होतं.

माझे वडील पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. आमच्या घराण्याचं मूळ काम चामड्याचं. वडील शिकले, ख्रिस्ती झाले आणि त्या कामापासून लांब गेले. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना मी तात्या म्हणायचो, गावकुसाबाहेरच्या जुन्या घरात तेच काम करत राहिले. एकदा बाबांनी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं की घाणीत राहणाऱ्याला देव वर काढतो. ते कुणीतरी तात्यांच्या कानावर घातलं. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. मी सुट्टीवर गेलो की आधी बाबांकडे आणि मग गुपचूप तात्यांकडे जायचो. बाबांना ते माहीत होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

भरतीचं दुसरं वर्ष असेल. आमच्या तुकडीवर एक नवा कॅप्टन आला. स्कॉटलंडचा, तिशीच्या आतला, लालसर केसांचा. रायडरांना शिकवणं आणि गाड्यांची देखरेख त्याच्याकडे होती. आठवडाभर तो इतर साहेबांसारखाच असे. रविवारी मात्र गोऱ्यांच्या देवळात प्रार्थनेला जाताना तो त्यांच्या मुलखाचा घागरा घाली, ज्याला ते किल्ट म्हणतात. हिरव्या-निळ्या चौकड्यांचा जाड लोकरी, मागं घट्ट चुण्या, पुढं कमरेला केसाळ पिशवी लोंबत असलेली. आणि तसाच तो फटफटीवर बसे. आमच्या लाइनीत, म्हणजे हिंदी शिपायांच्या बराकीत, हसण्याचा पूर आला. कुणी त्याला 'घागरेवाला' म्हणायला लागलं आणि तेच नाव पडलं.

त्या हसण्यात मीही होतो, पण थोडेच दिवस. मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलो होतो, म्हणून त्यानं मला आपल्या गाडीच्या कामाला घेतलं. तेव्हा कळलं की त्याचा थोरला भाऊ त्याच घागऱ्याच्या पलटणीत होता आणि उत्तर आफ्रिकेत मारला गेला होता. यालाही त्या पलटणीत जायचं होतं, पण छातीच्या दुखण्यामुळे लढाईवर धाडलं नाही, मोटारींच्या शिक्षणाकडे टाकलं. रविवारचा घागरा भावाचा होता. भावाचे कपडे घालून तो देवासमोर उभा राहायचा. हे त्यानं मला चेन साफ करता करता सांगितलं आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

रविवारी मी त्याच्याबरोबर जायचो, दुसऱ्या गाडीवर. तो आत जाई. मी बाहेर लिंबाखाली दोन्ही गाड्या राखत उभा राही. आतून येणारी गाणी मला मराठीतून पाठ होती. मीही त्याच देवाचा, पण त्या देवळात माझी जागा गाड्यांजवळ होती. त्याला हे कधी खटकलं का, मला माहीत नाही. मला खटकायचं, पण त्या वयात मी ते चेहऱ्यावर दिसू देत नसे.

घागऱ्यात फटफटी चालवण्याची फजिती तो दर रविवारी भोगत होता. वारा आत शिरला की पुढची बाजू उडे. म्हणून त्यानं मोठी पिन टोचली, ती टाकीला घासून वाकली. मागच्या चुण्या सीटवरून सुटून मागच्या चाकाकडे जात. एकदा टोक चेनमध्ये सापडायचं थोडक्यात चुकलं. गुडघे उघडेच. एका रविवारी उतरताना त्याची पोटरी सायलेन्सरला टेकली. तो शिवी देऊन खाली बसला. मी छावणीतल्या हिंदी हॉटेलातून खोबरेल आणून लावलं. त्या वेळी त्यानं माझी पोटरी पाहिली. जुना डाग पाहिला, गुडघ्यावरचे व्रण पाहिले. विचारलं, तुम्हा लोकांना ब्रीचेस का नाहीत. मी हवालदाराचं उत्तर सांगितलं. तो म्हणाला की हा मूर्खपणा आहे. एका साहेबानं हे म्हटलं, याचं मला फार मोठं वाटलं.

त्याला घागरा सोडायचा नव्हता आणि कातडीही सोलून घ्यायची नव्हती. कोठारातली ब्रीचेस घागऱ्याखाली मावत नव्हती; ती मांडीवर फुगीर असते. त्याला आतून घालायचं, अंगाला बसणारं, वरून दिसणार नाही असं काही हवं होतं. छावणीतल्या शिंप्यानं जाड खादीची चड्डी शिवून दिली, ती पहिल्याच दिवशी घामानं काचली. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की माझे एक चुलते चामड्याचं काम करतात.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे सुप्यावरून पारनेरच्या बाजूला गेलो, साहेब घागऱ्यातच. दोन फटफट्यांचा आवाज ऐकून गावची कुत्री आणि माणसं सगळी बाहेर आली. बाबा शाळेच्या ओट्यावर उभे होते. साहेब आपल्या शाळेपाशी थांबेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी कोटाची बटणं लावली. आम्ही शाळेवरून पुढं गेलो आणि गावकुसाबाहेर तात्यांच्या दारात उतरलो. बाबांचा चेहरा मी नीट पाहिला नाही.

तात्या कातडं कमवायला साल टाकलेल्या रांजणापाशी बसले होते. साहेबाला पाहून ते उठले नाहीत, फक्त हात पुसले. तो काय मागतो ते मी सांगितलं. ते बराच वेळ त्या घागऱ्याकडे बघत राहिले.

"ह्ये बापयाचं नेसणं हाय?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांच्याकडं आहे."

"मग आसंल." त्यांनी साहेबाला गाडीवर बसून दाखवायला सांगितलं. उभ्या माणसाचं माप घेऊन उपयोग नाही, बसलेल्याचं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. साहेब बंद गाडीवर बसला. तात्यांनी दोरीनं त्याची मांडी, गुडघा, गुडघ्याचा वाक मापला. गावातली माणसं लांबून बघत होती: एक गोरा साहेब, आणि त्याच्या पायाला हात लावणारे तात्या, ज्यांचा हात गावात कुणाच्या घागरीला चालत नसे.

माप झाल्यावर साहेबानं पाणी मागितलं. तात्या घुटमळले. मी सांगितलं, द्या. त्यांनी गाडग्यातून तांब्या भरून दिला. साहेब घटाघटा प्यायला आणि आणखी मागितलं. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या बापानं हितलं पाणी सोडून लई वरीस झाली." एवढंच. पण त्या दिवसापासून तो साहेब त्यांच्या दृष्टीनं माणसांत जमा झाला, आणि माझ्याही.

विजार तयार व्हायला वेळ लागला. तात्यांनी शेळीचं कातडं बाभळीच्या सालीत कमावून इतकं मऊ केलं होतं की मुठीत धरलं तर कापडासारखं गोळा होई. आतून धुवट मांजरपाटाचं अस्तर लावलेलं. घामाला वाट मिळावी म्हणून मांडीच्या आतल्या बाजूला कातडं नव्हतंच, नुसतं कापड. गुडघ्यावर म्हशीच्या कातड्याची वाटी, पाय वाकवला तरी न सरकणारी. पोटरीला वेगळं वेष्टण, बंद बाहेरून, म्हणजे सायलेन्सरकडची बाजू सपाट राहील. आणि घागऱ्यासाठी एक रुंद पट्टा, जो मागच्या चुण्या सीटवर दाबून धरे. साहेबानं वरून घागरा घातला तेव्हा आत काही आहे असं वाटलं नाही.

ती विजार कामाला आली ती एका रविवारी विळदच्या घाटात. आम्ही राहुरीकडून परतत होतो. तो पुढे होता. वळणावर खडी सैल होती, गाडी आडवी झाली आणि तो रस्त्यावरून फरफटत गेला. मी गाडी टाकून धावलो. मला वाटलं होतं की आता रक्तच रक्त दिसणार. तो उठून बसला. घागरा एका बाजूनं फाटला होता, हाताचे तळवे सोलले होते, पण पाय धड होते. गुडघ्याच्या वाटीवर पांढरे ओरखडे, बस. तो तिथंच रस्त्यात बसून हसायला लागला आणि मलाही हसू आलं. त्यानं मला सांगितलं की तुझ्या चुलत्यानं माझे पाय वाचवले, हे मी विसरणार नाही.

हे मी तात्यांना सांगितलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पुढ्यात टाकलं. माझ्या मापाची तशीच विजार. माप कधी घेतलं, विचारलं तर म्हणाले, "ल्हानपनापसनं बघतोय की तुला."

मी ती खाकी अर्ध्या विजारीच्या आत घालायला लागलो. गुडघ्याखाली तेवढी ती दिसे. कॅप्टननं पाहिलं आणि मान डोलावली. म्हणाला, जमलं तर सगळ्या हिंदी रायडरांना अशी मिळावी म्हणून तो वर बोलणार आहे. मी हे लाइनीत सांगितलं. जे त्याला घागरेवाला म्हणत होते ते आता त्याला सलाम ठोकताना जरा ताठ व्हायला लागले.

तो वर बोलला की नाही, मला माहीत नाही. मला माहीत आहे ते पुढच्या महिन्यातल्या तपासणीचं.

आमचा मेजर जुना, घोडदळातून आलेला. फटफटी त्याला आवडत नसे आणि फटफटीवाले त्याहून नाही. रांगेतून चालत तो माझ्यासमोर थांबला. छडीच्या टोकानं त्यानं माझ्या गुडघ्यावरच्या वाटीला टोचलं. विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, विजार आहे साहेब, पडल्यावर कातडी जाऊ नये म्हणून. कुठून आली? माझ्या चुलत्यांनी केली. चुलता काय करतो? चामड्याचं काम करतो.

त्यानं नाक मुरडलं. मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे सरकारी कपडे नाहीत. काढ. इथंच काढ."

कॅप्टन त्याच्या डाव्या हाताला उभा होता. त्याच्या भावाच्या पलटणीच्या कुठल्याशा सणाचा दिवस होता, म्हणून तो घागऱ्यात होता, आणि घागऱ्याखाली तात्यांची विजार होती. मला ती माहीत होती, त्याला माहीत होती, मेजरलाही माहीत असावी, कारण विळदच्या घाटाची गोष्ट कॅप्टननं स्वतः साहेबांच्या मेसमध्ये रंगवून सांगितली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सरळ समोर बघत होता, माझ्या डोक्यावरून, मैदानापलीकडच्या झाडांकडे.

मी बूट सोडले. वेष्टणं सोडली. वरची खाकी विजार उतरवल्याशिवाय आतली निघत नव्हती. मैदानात, सगळ्या तुकडीसमोर, मी दोन्ही काढल्या आणि लंगोटावर उभा राहून पुन्हा खाकी विजार चढवली. कुणी हसलं नाही. ज्यांना हसायची सवय होती तेही नाही. कोठाराच्या हवालदारानं माझी विजार उचलून नेली आणि ती पुन्हा मला मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन गाडीपाशी आला. त्यानं सांगितलं की मेजरशी हट्ट करण्यात अर्थ नसतो, थोडं थांबावं लागेल, योग्य वेळ बघावी लागेल. मी 'जी साहेब' म्हटलं. त्याची गाडी नेहमीसारखी पुसली.

योग्य वेळ येईपर्यंत उसाचा हंगाम आला. मेजर दोस्तांबरोबर देवळाली प्रवराच्या बाजूला बदकांच्या शिकारीला गेला. प्रवरेच्या काठी पाणथळ जागा होत्या, तिथं त्यांनी तंबू ठोकले होते. सकाळी हुकूम आला की साहेब आपले चिखलात उतरायचे लांब बूट विसरलेत, ते ताबडतोब पोचवायचे. पाळी माझी होती. मांडीपर्यंत येणारे, तेल लावलेले उत्तम चामड्याचे बूट. खरचटू नयेत म्हणून ते कांबळ्यात गुंडाळून माझ्या गाडीला बांधले. कॅप्टन तिथं होता. गाठी घट्ट आहेत का ते त्यानं स्वतः ओढून पाहिलं. माझे उघडे गुडघे त्याच्या हातापासून वीतभर लांब होते.

राहुरीपर्यंत ठीक गेलं. पुढं देवळालीच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग होती. गाड्यांतून पाचट पडून रस्ता झाकला गेला होता आणि त्यावर दंव होतं. मी जपूनच चालवत होतो. बांधावरून पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं होतं ते पाचटामुळे दिसलं नाही. पुढचा बैल बुजून आडवा झाला, मी ब्रेक दाबला आणि गाडी खालून निघून गेली. मी उजव्या गुडघ्यावर पडलो आणि गुडघ्यावरच घसरत गेलो. पाचट संपलं तिथून पुढं खडी होती.

दुखलं नाही, निदान लगेच नाही. मी बसून गुडघ्याकडे बघितलं आणि तिथं पांढरं काही दिसलं. आधी मला वाटलं दगड आहे. उसाचे गाडीवान धावत आले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आपला फेटा सोडून माझ्या पायाला बांधला. "लई लागलंय न्हवं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आरं, पायात कायबी न्हाई घातलं का?" त्यांनी मला उसावर आडवं केलं आणि बैलगाडीनं राहुरीला आणलं. मेजरचे बूट कुणीतरी सायकलवरून तंबूवर पोचवले. कांबळ्यामुळे त्यांना काही झालं नव्हतं. मेजरनं दुपारी बदकं मारली, असं मला नंतर कळलं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेतली खडी काढली, पण सगळी निघाली नाही. पू झाला. पुन्हा चिरलं. पुन्हा पू झाला. पाय कापायचा विचार चालला होता, मग तापाला उतार पडला आणि पाय राहिला, पण गुडघा गोठून गेला. तो आजतागायत वाकत नाही.

माझ्या अपघाताची चौकशी व्हायची होती. माझी चूक ठरली तर लष्कर मला नुसतं घरी पाठवणार होतं, कामावर जखमी झालेल्याला मिळतं ते काही मिळणार नव्हतं. बाबांनी आपला काळा कोट घातला आणि कॅप्टनच्या बंगल्यावर गेले. ते बराच वेळ व्हरांड्यात उभे होते. साहेब बाहेर आला, बाबांशी चांगलं बोलला, खुर्ची दिली. म्हणाला की जे खरं आहे ते तो सांगेल. बाबा दवाखान्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी माझ्या कॉटशेजारी बसून प्रार्थना केली, आणि साहेबाचं नाव त्यात घेतलं. साहेब लोकांच्या न्यायावर त्यांचा जन्मभर विश्वास होता. त्यांना शिक्षण, नोकरी, मान, सगळं त्याच हातांनी दिलं होतं.

चौकशीच्या वेळी मला स्ट्रेचरवरून मेजरसमोर नेलं. मी म्हटलं की चामडी विजार असती तर गुडघा वाचला असता का, हे कॅप्टन साहेबांना विचारावं. त्यांना अनुभव आहे. मेजरनं कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन उभा राहिला. म्हणाला की सांगता येणार नाही, प्रत्येक पडणं वेगळं असतं. मग मेजरनं विचारलं, रायडर जास्त वेगात होता का? तो म्हणाला, आपण तिथं नव्हतो, पण हा रायडर कधीकधी वेगात जातो.

हे खोटं नव्हतं. मी कधीकधी वेगात जायचो. त्या दिवशी नव्हतो. गाडीवानांना बोलावलं नाही. दोष माझा ठरला.

काही दिवसांनी कॅप्टन दवाखान्यात आला. त्याची बदली झाली होती, ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे, मोटारींच्याच कामावर. कॉटशेजारी टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या काखेत एक पुडकं होतं. त्यानं ते माझ्या पायापाशी ठेवलं. आत त्याची विजार होती, धुऊन, तेल लावून, नीट घडी घातलेली.

"ही तू ठेव," तो म्हणाला. "तुला होईल."

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटतं, त्याला खरंच वाटत होतं की तो काहीतरी देतो आहे. त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "साहेब, हा पाय आता तिच्यात जात नाही." मग मी भिंतीकडे तोंड केलं. तो थोडा वेळ उभा राहिला असावा. बुटांचा आवाज लांब गेला तेव्हा मी वळलो. पुडकं तिथंच होतं.

तात्या आले ते दुसऱ्या दिवशी. खेड्यातून चालत आणि मिळेल त्या गाडीनं. वॉर्डबॉयनं त्यांना दारातच अडवलं होतं. मी हाक मारली तेव्हा सोडलं. त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावून पाहिलं, जसं कातडं पाहतात तसं, अंगठ्यानं दाबून. मग पुडकं सोडलं. विजार उलटसुलट केली. मी त्यांना सगळं सांगितलं, चौकशीत तो काय म्हणाला तेही.

"पानी प्याला हुता माझ्या घरी," तात्या म्हणाले.

त्यांनी विजार काखेत मारली आणि घरी नेली. तिचं त्यांनी काय केलं, मी विचारलं नाही.

लष्करातून सुटलो. नगरच्या एका कुटुंबात माझं लग्न ठरलं होतं. मुलीचे वडील येऊन गेले, पाय पाहिला, चहा प्याले आणि काही दिवसांनी निरोप आला की मुलगी अजून लहान आहे. बाबांनी पाळकसाहेबांना सांगून मिशनच्या एखाद्या शाळेत माझी सोय लावण्याचा प्रयत्न केला. तिथल्या गोऱ्या साहेबांनी सहानुभूती दाखवली. बाबा त्यांच्याकडून घरी आले आणि काळा कोट काढून खुंटीला लावला. पुढं ते शाळेत साध्या सदऱ्यावरच जायला लागले. प्रार्थना सोडली नाही, पण प्रार्थनेत आता कुठल्याही साहेबाचं नाव येत नसे.

शेवटी पारनेरहून सुप्याकडे जाणाऱ्या एका खासगी मोटारीवर तिकिटं द्यायचं काम मिळालं. गाडी थांबली की लोक उतरेपर्यंत मी ताठ पाय बाहेर काढून बसून राहायचो. बाजारच्या दिवशी लोक विचारत, काय झालं. मी म्हणायचो, फटफटीवरून पडलो. लोक म्हणत, साहेबांच्या गाड्या त्या, आपल्याला झेपत नाहीत. मी तिकीट फाडून पुढं जायचो.

मेजरचा मला राग येत नाही असं नाही, पण तो साधा राग आहे. मेजरनं मला कधी काही वेगळं भासवलं नव्हतं. कॅप्टनचा राग मात्र आतून कुरतडतो. तो वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. लढाई संपल्यावर तो जिवंत परतला की नाही, मला कळलं नाही. कधी वाटतं, परतला असेल, रविवारी भावाचा घागरा घालून देवळात उभा राहत असेल. कधी वाटतं, नसेल परतला. दोन्ही वेळा मला बरं वाटत नाही.

स्वराज्य आल्यानंतरच्या हिवाळ्यात तात्या गेले. सर्दी छातीत उतरली होती. मी मोटारीवरून उतरून सरळ गेलो. बाबा माझ्या आधी पोचले होते, अंगणात जमिनीवर बसले होते, ज्या अंगणात त्यांनी इतकी वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा मी पुढं झालो. तात्यांच्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं. तो हळू म्हणाला की लंगडतोस, तिरडी हलेल. त्यानं ते प्रेमानंच सांगितलं. माझ्या जागी बाबा गेले. त्यांनी भावाला खांदा दिला आणि माणसं ओढ्याच्या दिशेनं चालायला लागली. उताराची वाट खडकाळ होती. मी काठी टेकत मागून निघालो. वाट उतरायला मला वेळ लागला. मी पोचलो तेव्हा माणसं हात धूत होती आणि माती लोटून झाली होती.